महाराष्ट्रातलं वन्यजीव छायाचित्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो पाहून लोक प्रश्न पाठवतात आणि त्यातले बरेचसे वर्षानुवर्षं तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. महाराष्ट्रातली जंगलं, माळरानं, पाणथळी आणि किनारा इथं मी जे करते त्यापुरतीच ती आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अवघड पुढे. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, नवा कॅमेरा घेतलाय. पहिली फेरी थेट ताडोबाला करू का?

नको. ताडोबात वाघ दिसला तरी बऱ्याचदा तो काही सेकंदांपुरताच दिसतो. रस्ता ओलांडतो आणि बांबूत शिरतो. तेवढ्या वेळात बोटं न बघता योग्य बटणावर जायला हवीत. ही सवय गावाबाहेरच्या तळ्यावर लागते, जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) नाही.

घराजवळचं एक तळं, ओढा किंवा माळ निवडा आणि महिनाभर सकाळी तिथंच जा. वेडा राघू किडा पकडायला झेपावतो आणि बहुतेकदा त्याच फांदीवर परत येतो, त्यामुळे उडत्या पक्ष्यावर फोकस ठेवण्याचा सराव त्याच्याइतका चांगला कुणी देत नाही. कोतवालावर काळ्या पिसांचा तपशील राखायला शिका, बगळ्यावर पांढऱ्याचा (प्रश्न ८). दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सालिम अलींचा. त्या आठवड्यात ठिकठिकाणी पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्या निघतात. जाणत्या माणसाबरोबर एक सकाळ चाललात तर कुठं बघायचं हेच आधी कळतं, आणि सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

२. बजेट कमी आहे. कॅमेरा भारी घेऊ की लेन्स?

लेन्स. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स त्याच्या कितीतरी पट टिकते. पक्षी आणि सस्तन प्राण्यांसाठी १००-४००, २००-५०० किंवा १५०-६०० मिमीची झूम लेन्स पुरेशी आहे. ती जुनी, वापरलेली मिळाली तरी चालेल. घेण्याआधी आत टॉर्च मारून बुरशी आहे का ते पाहा. आपल्या पावसाळी हवेत बुरशी लेन्सची पहिली शत्रू असते. बेडूक, कोळी, फुलपाखरं यांत रमणार असाल तर ९० ते १०५ मिमीची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारी लेन्स) घ्या. हा मार्ग खर्चाने हलका आहे आणि विषय घराच्या कुंडीतही सापडतात.

एवढं मोठं भिंग हवंच कशाला, असाही प्रश्न येतो. ते लांब राहता यावं म्हणून असतं. सहाशे मिमी लावूनही जवळ सरकत राहिलात तर त्याचा उपयोग काय?

३. वर्षात कधी कुठं जावं?

मी वर्ष पावसापासून मोजते.

मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या पट्ट्यात काजवे असतात (प्रश्न १२). पाऊस धरला की आंबोली. जून ते सप्टेंबर तिथल्या रात्री बेडकांच्या असतात (प्रश्न ११). पावसाळा सरता सरता भीमाशंकरला शेकरूसाठी जाते. हे अभयारण्य १९८५ साली राज्यप्राणी शेकरूसाठीच घोषित झालं. शेकरू उंच झाडांच्या शेंड्यांत फिरतो, मान दुखते, पण धुकं विरळ होऊन ऊन फांद्यांतून उतरतं तेव्हा त्याच्या तांबूस अंगाचा रंग बघण्यासारखा असतो.

नोव्हेंबर ते मार्च पाणथळी आणि माळरानं. उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ) असलेलं नांदूर मध्यमेश्वर आणि ठाणे खाडी ही तीन ठिकाणं पुरून उरतील. ठाणे खाडीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका, ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा त्यावरच ठरतात. याच महिन्यांत माळावर भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. मयूरेश्वर-सुपे इथं चिंकारा आणि रेहेकुरीला काळवीट दिसतात. इंदापूर आणि बारामती तालुक्यांत वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तिथं ठरलेल्या वाटा आहेत, त्या सोडू नका. माळ मोकळा दिसतो म्हणून गाडी कुठेही घालणारे लोक टिटवी, चंडोल, पखुर्डी यांची जमिनीवरची अंडी चाकाखाली चिरडतात आणि त्यांना ते कळतही नाही.

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत विदर्भ. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, बोर. पानगळ झालेली असते, पाणवठे आटत आलेले असतात, जनावर पाण्यावर येतंच. चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो याची तयारी ठेवा. पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र मला ताडोबात जास्त आवडतो. साइटिंग, म्हणजे वाघ दिसणं, कमी होतं, पण हिरव्या गवतातला वाघ आणि मेमधल्या धुळीतला वाघ ही दोन वेगळी चित्रं आहेत.

४. ताडोबाचं बुकिंग, कोअर, बफर, हे सगळं नेमकं काय असतं?

कोअर म्हणजे गाभ्याचं क्षेत्र, तिथं गाव-शेती नसावी अशी कल्पना असते. बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा, तिथं गावं, गुरं आणि वाघ एकत्र राहतात. कोअरची मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी ही गेटं आहेत. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा ही बफरची. बफर म्हणजे दुय्यम हा समज काढून टाका. वाघाला सीमा माहीत नसते.

बुकिंग वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः करा, ओळखपत्र तेच घेऊन जा. कोअर मंगळवारी बंद असतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यातही. पावसाळ्यात बफरची काही गेटं सुरू असतात. नोंदणी झालेली जिप्सी आणि स्थानिक गाइड सक्तीचे आहेत, कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं. मोबाइल सफारीत नेता येत नाही, त्यामुळे फोनवर फोटो काढायचा बेत असेल तर तो सोडून द्या. ठरलेल्या जागेशिवाय गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही. बायकांना सांगते, गेटवरच स्वच्छतागृहात जाऊन या. ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही आणि मग चार तास जड जातात.

५. वाघ नक्की दिसेल अशी जागा कोणती?

नाही अशी जागा. विचारायचंच तर वाघ शोधतात कसा ते विचारा.

पहाटे पहिल्यांदा रस्त्यावरची धूळ वाचायची. ठसा ताजा असेल तर कडा धारदार दिसतात, वरून दुसऱ्या कुणाचं पाऊल किंवा टायर गेलेलं नसतं. मग ऐकायचं. गाइड "कॉल येतोय" म्हणतात तो हरणांचा आणि वानरांचा इशारा असतो. चितळ बिबट्याला, रानकुत्र्यांनाही ओरडतं, कधी नुसतं बिचकून. वानर उंचावरून बघून ओरडतं, त्यामुळे त्याची नजर कुठं लागली आहे ते पाहा. सांबर उगाच ओरडत नाही. पाय आपटत, शेपूट वर करून ते एकाच दिशेला ओरडत राहिलं तर इंजिन बंद करून थांबावं. त्यानंतर काहीही न दिसता दीड तास गेला तरी ती वेळ वाया गेलेली नसते. कॉल एका झाडोऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकताना ऐकणं म्हणजे न दिसणाऱ्या वाघाची चाल कानाने बघणं आहे.

हे सगळं तुमच्या गाइडला येतं. तो त्याच जंगलाच्या कडेच्या गावात वाढलेला असतो. त्याला "वाघ दाखव" एवढंच न सांगता "आज काय चाललंय जंगलात?" असं विचारा. मोहाची फुलं पडायला लागली असतील तर तो अस्वलाकडे नेईल, कुठं रानकुत्र्यांचा कळप फिरतोय ते सांगेल. फक्त वाघ मागणाऱ्याला फक्त वाघच शोधून मिळतो, आणि तो न दिसला तर पदरी काहीच पडत नाही.

६. जिप्सीत ट्रायपॉड चालतो का? सेटिंग काय ठेवावं?

ट्रायपॉड अडचण करतो. तांदूळ किंवा वाटाणे भरलेली कापडी बीनबॅग गाडीच्या दांडीवर टाका. रिकामी न्या, मुक्कामाच्या गावात भरा.

शटरचा वेग चालत्या वाघाला १/५०० ते १/८०० सेकंद, पळत्या जनावराला १/१६०० च्या पुढे, उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६ च्या आसपास, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा तुमच्या कॅमेऱ्याला झेपेल तिथं. पहाटेच्या अंधारात दाणेदार फोटो आला तर येऊ द्या. दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं चित्र सुधारत नाही. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, त्याची थरथर लांब लेन्समध्ये स्पष्ट दिसते. मेमध्ये सकाळी नऊनंतर लांबचं जनावर मऊ दिसू लागलं तर फोकसला दोष देऊ नका, तापलेली हवा हलत असते. त्यावर लेन्स बदलून उपाय नाही, अंतर कमी असेल तेव्हाच फोटो काढायचा.

विदर्भातली लाल धूळ सेन्सरवर बसते. जिप्सीत लेन्स बदलू नका, कॅमेऱ्यावर पंचा टाकून ठेवा.

७. "गाडी अजून थोडी पुढे घ्या" असं सांगण्यात गैर काय? पैसे तर आपणच भरतो.

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर माझ्या मते हेच आहे, म्हणून थोडं लांबेल.

वाघ रस्त्याने समोरून चालत येतोय, फोटोवाले ज्याला "हेड-ऑन" म्हणतात ते चित्र सगळ्यांना हवं असतं. त्यासाठी पुढच्या गाड्या त्याच्यापुढे राहायला धडपडतात, मागच्या पाठीला चिकटतात. वाघ थांबतो. कान मागे जातात, शेपटीचं टोक हलायला लागतं, तो रस्ता सोडून झुडपात उतरतो. गाडीतले म्हणतात, गेला. तो गेलेला नसतो, त्याला हाकललेलं असतं. तो कदाचित पाण्याकडे निघाला होता. पिल्लांकडेही निघालेला असू शकतो. ज्या वागण्याचं चित्र काढायला आपण आलो तेच आपण मोडलं.

मी एकच कसोटी पाळते. जनावर आपलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागलं की मी जास्त जवळ आहे. चरणारं चितळ मान वर करून टक लावून पाहतंय, पाणी पिणारं सांबर अर्धवट वळलंय, पक्षी विष्ठा टाकून पंख सावरतोय, हे सगळे मागे सरका असं सांगण्याचे प्रकार आहेत. एकदा सहज पाहिलं आणि परत कामाला लागलं तर ठीक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसारही अभयारण्यात प्राण्याला त्रास देणं हा गुन्हा आहे, पण कायद्यापर्यंत जायची वेळ का यावी?

आता गाडीतलं वास्तव. ड्रायव्हर आणि गाइडला नियम आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असतात. पाहुणे नाराज होतील, बक्षिसी जाईल या भीतीने ते गाडी पुढे घेतात. म्हणून पाहुण्यांनीच आधी तोंड उघडलं पाहिजे. गेटवरून निघतानाच सांगा, "दादा, लांबून दिसला तरी चालेल, रस्ता अडवायचा नाही." हे वाक्य ऐकल्यावर त्यांचे खांदे सैल होताना मी पाहिले आहेत. आणि नियम पाळून काहीही न दिसलेल्या फेरीनंतरही बक्षिसी तेवढीच द्या.

लांबून काढलेल्या फोटोत वाघ लहान येतो, अशी तक्रार असते. येऊ दे. सागाचं पान, बांबू, वाळलेलं नाल्याचं पात्र आणि त्यात वाघ, हे चित्र नुसत्या चेहऱ्यापेक्षा जास्त काही सांगतं.

८. बगळे आणि रोहित (फ्लेमिंगो) पांढरेफटक येतात, पिसंच दिसत नाहीत. काय करू?

गडद पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते ठरवणारं सेटिंग) उणे दोन-तृतीयांश ते उणे एकपर्यंत न्या. उजळ आकाशावर काळा पक्षी असेल तर उलट, अधिककडे. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजवीकडच्या कडेला चिकटू देऊ नका. दुपारच्या उन्हात मात्र कुठलंही सेटिंग वाचवत नाही, सकाळी लवकर जा.

९. भिगवणला नावाडी रोहितांचा थवा उडवून देतात. तसा फोटो काढावा का?

काढू नये, आणि उडवायला सांगूही नये. रोहित पाण्यात चोच उलटी बुडवून बारीक शेवाळ आणि जीव गाळून खातात, त्यांचा बराच वेळ त्यातच जातो. दिवसभर येणाऱ्या प्रत्येक बोटीने एकदा उडवलं तर त्यांचं खाणं किती वेळा मोडतं याचा हिशेब करा. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) तर हिमालय ओलांडून आलेला असतो आणि त्याला तोच प्रवास परत करायचा असतो.

थवा आपणहून उडतो. आकाशात मोठा शिकारी पक्षी आला की उडतो, जागा बदलायची असली की उडतो. आधी माना ताठ होतात, सगळे एका दिशेला तोंड करतात, चालण्याचा वेग वाढतो. ही लक्षणं दिसली की १/२००० ला तयार राहा. भिगवणजवळच्या कुंभारगावचे नावाडी मूळचे मासेमार आहेत, त्यांना पाणी आणि पक्षी दोन्ही कळतात. मोटार लांबच बंद करून बांबूने बोट सरकवायला सांगितलं तर ते आनंदाने तसं करतात. कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकून जवळ बोलावणंही याच प्रकारातलं आहे. ते त्यांचं अन्न नाही.

१०. घरट्याचे फोटो, आणि आवाज वाजवून पक्षी बोलावणं. दोन्हीबद्दल सांगा.

घरटं: नाही. कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी यांना बाधा आणणं हे "शिकार" या शब्दातच धरलेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. फांद्या बाजूला सारून उघडं केलेलं घरटं कावळ्याला आणि उन्हाला आयतं मिळतं. तुमच्या खिडकीत बुलबुलाने घरटं केलं असेल तर घरातून, पडद्याआडून, फ्लॅशशिवाय पाहा. एवढी एक सवलत मी देते.

आवाज वाजवणं: तेही नाही. नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. तो अन्न शोधणं, पिल्लं राखणं सोडून न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीशीर नोंद नव्हती, ते नामशेष झालं असं मानलं जात होतं. १९९७ साली अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. आज मेळघाटातही ते आहे. शतकाहून जास्त काळ हरवलेला पक्षी आपल्या राज्यात सापडला आणि त्याला बाहेर काढायला आपण फोनवर त्याचाच आवाज वाजवतो, हे मला सहन होत नाही. रानपिंगळा दिवसाही वावरतो. पानगळीच्या सागवनात शांत बसलात तर तो स्वतःच बोलतो.

११. आंबोलीला रात्री बेडूक आणि सापांचे फोटो कसे काढतात? धोका नाही का?

स्थानिक जाणकाराबरोबर जा, गमबूट घाला, हात टेकवण्याआधी तिथं टॉर्च मारा. मलबार चापडा हा विषारी साप फांदीवर तासन्‌तास, कधी सलग काही दिवस त्याच जागी भक्ष्याची वाट बघत बसतो. म्हणूनच तो फोटोवाल्यांना सोपा वाटतो आणि म्हणूनच त्याला जास्त त्रास होतो. काठीने उचलून त्याला शेवाळलेल्या, "दिसायला छान" फांदीवर ठेवणारे लोक आहेत. असे फोटो ओळखता येतात. साप वेटोळं सैल करून निघायच्या बेतात असतो, फांदीला त्याचा भार बसलेला नसतो.

बेडकांची त्वचा हवा आणि पाणी आत घेते. डास पळवणारं मलम लावलेल्या हाताने बेडूक उचलणं म्हणजे ते रसायन त्याच्या अंगात घालणं. हात लावूच नका. उडणारा मलबार बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो, खाली उभं राहून ती फांदी हलवू नका. जांभ्याच्या कातळावरून रात्री चालताना तर पावलागणिक बघा. आंबोली टोड ही जात २००९ साली शास्त्राला नव्याने कळली, ती फार थोड्या भागात आहे आणि पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ पाण्यातच अंडी घालते. फ्लॅश वापरायचाच तर डिफ्यूझर (उजेड मऊ करणारं आवरण) लावून, कमी ताकदीने, एका जिवावर दोन-तीनदाच.

साप चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला भाग न हलवता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. कोकणात फुरसं भरपूर आहे, ते लहान असतं म्हणून कमी धोक्याचं समजू नका.

१२. काजव्यांचे फोटो माझ्याकडून नुसते काळे येतात.

ट्रायपॉड, एफ २.८ किंवा जमेल तितकं उघडं अॅपर्चर, आयएसओ १६०० ते ३२००, प्रत्येकी २० ते ३० सेकंद. उजेड असतानाच झाडावर फोकस करून तो मॅन्युअलला अडकवून ठेवा. जागा न हलवता अनेक फोटो घ्या आणि घरी एकावर एक रचा. अशा रचलेल्या फोटोखाली तसं लिहा, डोळ्यांना एका क्षणी एवढे काजवे दिसत नाहीत.

हिरडा, सादडा, जांभूळ अशी झाडं लखलखत असतात ती जोडीदार शोधण्यासाठी. नर चमकतो, मादी बरेचदा खालच्या गवता-झुडपातून उत्तर देते. गाडीचे दिवे, मोबाइलची टॉर्च यात त्यांना एकमेकांचा प्रकाश दिसत नाही, आणि झाडाखाली जमलेली गर्दी गवतातल्या माद्या तुडवते. पायवाटेवरूनच काढा. लाल कागद लावलेली मंद टॉर्च, तीही पायाशी. शनिवार-रविवार टाळलात तर फोटोही चांगले येतील.

१३. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वेळासच्या कासवांच्या पिल्लांना फ्लॅश का चालत नाही?

पिल्लं वाळूतून निघाली की उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे जातात. दुसरा उजेड दिसला तर वाट चुकतात. सकाळी-संध्याकाळी ती समुद्रात सोडतात तेव्हाचा नैसर्गिक उजेड पुरतो. दोरीच्या बाहेर, बाजूला, पोटावर झोपून काढा. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं निघण्याचा दिवस मात्र कुणीही ठरवू शकत नाही.

१४. एकटी जाता, भीती नाही वाटत?

गाडीतून वाघाची कधीच वाटली नाही. पायी असताना अस्वलाची वाटते. त्याची नजर कमजोर, खाण्यात गुंग असतं, आपण जवळ पोहोचेपर्यंत त्याला कळत नाही आणि मग ते घाबरून अंगावर येतं. मोहाच्या दिवसांत पहाटे झाडांखाली जाणाऱ्या गावकऱ्यांवर हल्ले होतात ते असेच. सह्याद्रीत एकटा नर गवा वाटेत उभा असेल तर त्याला वाट द्यायची, मागे फिरायचं. तो हलेल म्हणून थांबायचं नाही. व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय पायी फिरणं तसंही निषिद्ध आहे.

एकट्या बाईने फिरण्याबद्दल: माळ आणि तळ्यांवर मी एकटी जाते, पण गावात कुणाला तरी सांगून. रात्रीच्या फेऱ्या एकटीने करत नाही. जंगलापेक्षा निर्मनुष्य रस्त्यावर बंद पडलेली गाडी मला जास्त काळजीची वाटते. बुद्ध पौर्णिमेला वन विभागाचा "निसर्गानुभव" असतो, मचाणावर रात्र काढायची. पहिल्यांदा रात्रीचं जंगल ऐकायचं असेल तर ती सुरक्षित आणि रीतसर वाट आहे.

१५. फोटोखाली जागा का लिहीत नाही? माहिती सगळ्यांची असते.

चितळाची, रोहिताची लिहिते. घुबडाची ढोली, लांडग्याची गुहा, दुर्मीळ सापाची जागा कधीच नाही, फक्त जिल्हा. अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात, विशेषतः दिवाळीच्या सुमाराला. आणि चांगल्या हेतूने आलेली गर्दीही ढोली ओस पाडते. तुम्हीही फोटो टाकण्याआधी त्यातलं जीपीएस स्थान काढून टाका, मोबाइलच्या फोटोत ते आपोआप जातं. नोंद शास्त्राच्या उपयोगी पडावी असं वाटत असेल तर आयनॅचरलिस्ट किंवा ईबर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर करा. संकटग्रस्त जातींची नेमकी जागा तिथं लपवली जाते.

१६. ड्रोन, कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), व्यावसायिक चित्रीकरण यांना वेगळी परवानगी लागते का?

हो, तिन्हींना. तिकीट म्हणजे पर्यटक म्हणून आत जाण्याची मुभा, त्यात बाकी काही येत नाही. अर्ज संबंधित वन्यजीव विभागाकडे लेखी करा आणि वेळ हाताशी ठेवा. अभयारण्याबाहेर खासगी शेतातही शेतमालकाला विचारल्याशिवाय काहीही बांधून ठेवू नका. ड्रोनबद्दल माझं मत: परवानगी मिळाली तरी पाणथळीवर उडवू नका. पक्ष्यांना तो घिरट्या घालणारा शिकारीच वाटतो.

१७. एडिटिंग किती चालतं?

उजेड, रंगछटा, काटछाट, दाणे कमी करणं हे सगळं मी करते. फांदी पुसणं, दुसरं आकाश लावणं, दोन फोटोंतली जनावरं एकत्र आणणं करत नाही. रचलेला फोटो असेल तर सांगते (प्रश्न १२). स्पर्धेला पाठवताना मूळ रॉ फाइल जपून ठेवा, ती मागतात. फसवणूक फक्त संगणकावर होते असंही नाही. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने २०१८ साली आपल्या स्पर्धेतलं एक विजेतं चित्र बाद केलं. त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला होता, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला.

१८. ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले, किंवा जखमी प्राणी दिसला. आधी फोटो काढू की मदत करू?

जुन्नर, शिरूर, आंबेगाव भागातून हा प्रश्न तोडणीच्या हंगामात हमखास येतो. बछडे टाकून दिलेले नसतात. आई उसातच जवळपास असते किंवा भक्ष्यासाठी गेलेली असते. उचलू नका, दूध पाजू नका, मांडीवर घेऊन फोटो तर मुळीच नको. त्या फडातली तोड थांबवा, माणसं एकत्र ठेवून मागे घ्या आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पथक बछडे तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतं आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन त्यांना नेते. हे साधण्यासाठी तिथं माणूस नसणं गरजेचं असतं. "नेतानाचा फोटो मिळेल" म्हणून बांधावर दबून बसू नका. मादी परत फिरेल, नाहीतर तुमच्यावर येईल.

जखमी प्राण्याचा लांबून एक फोटो काढा. पथकाला जखम कुठं आहे, प्राणी केवढा आहे याचा अंदाज त्यावरून येतो, बरोबर काय आणायचं ते ठरवता येतं. तेवढाच. रस्त्यावर अपघात झाला असेल तर मागून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच इशारा करा. फोनवर गावाचं नाव, शेतमालकाचं नाव किंवा जवळचा किलोमीटरचा दगड सांगा आणि पथकाला वाट दाखवायला एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा ठेवा.